७२ मेगाहर्ट्झचा जुना रेडिओ: शिकाऊंच्या हाती द्यावा की भंगारात काढावा?

उडता_बाळू (धागाकर्ता)

मंडळी, एक काथ्याकूट.

ज्यांनी २००५ च्या आधी रेडिओ कंट्रोल विमानं उडवायला सुरुवात केली, त्यांच्या माळ्यावर ७२ मेगाहर्ट्झचा एखादा सेट (विमान चालवायचा हातातला रेडिओ) हमखास पडलेला असतो. ओढून लांब करायची अँटेना, खाचेत बसवलेलं क्रिस्टल (सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार ते ठरवणारा तुकडा), आठ सेलचा निकेल-कॅडमियम पॅक. २००५-०६ पासून २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि बघता बघता हे सगळं अडगळीत गेलं. विकायला काढलं तर कोणी विचारत नाही आणि फेकायला हात होत नाही.

माझं मत: या सेटने विमान उडवू नका, पण शिकवणीला मात्र तो अवश्य वापरा. शिकवणाऱ्याच्या हातात त्याचा नेहमीचा २.४ चा सेट, शिकणाऱ्याच्या हातात हा जुना आणि दोघांमध्ये ट्रेनर केबल. यालाच आपण बडी बॉक्स म्हणतो. हवेत सिग्नल जातो तो फक्त गुरूच्या सेटमधून. शिष्याचा सेट स्टिक (विमान वळवायच्या दांड्या) कुठे आहेत एवढंच केबलमधून कळवतो. गुरूने खटका दाबून धरला की विमान शिष्याचं, सोडला की लगेच गुरूचं.

आणि हे आजही चालतं, कारण ट्रेनर सॉकेटची भाषा बदललेली नाही. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे विमानाच्या एकेका हालचालीला, एक ते दोन मिलिसेकंदांचा एक स्पंद, स्टिक मध्यावर असेल तर दीड. असे सहा-आठ स्पंद ओळीने जातात आणि साधारण २० मिलिसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीस वर्षांपूर्वीचा सेट हेच बोलतो आणि आजचे बरेचसे सेट हेच ऐकतात. बँड कोणता याने काही बिघडत नाही. इंग्लंडमधला ३५ मेगाहर्ट्झचा किंवा ऑस्ट्रेलियातला ३६ चा सेट कोणी नातेवाइकाने आणून दिला, तरी केबलवर तो तितकाच कामाचा.

नव्या सेटचे पैसे वाचले तर पोरगं त्यात मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि एखादी जादा बॅटरी घेईल. शिकताना तुटतं ते विमान, रेडिओ नाही. पैसा तिकडे जाऊ दे.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील.

---

थर्मलशोधक

बाळूशेठ, भावना पोचल्या. मुद्दा नाही पोचला.

जुना सेट म्हणजे फुकटचा सेट, हाच मुळात भ्रम आहे. वीस वर्षांचा निकेल-कॅडमियम पॅक मेलेलाच असतो. बरेचदा गळून त्याची तार आतून काळी पडलेली असते, म्हणजे नुसता पॅक बदलूनही भागत नाही. ट्रेनर सॉकेट कुणाचं गोल सहा पिनांचं, कुणाचं चौकोनी, कुणाचं ३.५ मिलिमीटरच्या जॅकचं. तयार केबल मिळेल याची खात्री नाही, म्हणजे सोल्डरिंग आलं. स्टिकखालचे पोटेन्शियोमीटर (स्टिकची जागा मोजणारे) झिजलेले, त्यामुळे स्टिकला हात न लावता सर्व्हो (विमानाचे पल्ले हलवणारी छोटी मोटर) थरथरतोय. हे सगळं निस्तरण्यात जे रविवार जातील त्यांची किंमत कोण धरणार?

दुसरं, ट्रिम, म्हणजे विमान सरळ जावं म्हणून स्टिकच्या मध्याला केलेली बारीक दुरुस्ती. शिष्याच्या सेटवर ट्रिम एका जागी, गुरूच्या सेटवर दुसऱ्या. खटका दाबला रे दाबला की विमान नाक वर काढतं किंवा एका अंगावर कलतं. शिकणाऱ्याला वाटतं हे आपणच केलं. पहिल्याच दिवशी घाबरलेला माणूस दुसऱ्या रविवारी मैदानावर दिसत नाही.

आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: ज्या सेटवर शिकायचं तो स्वतःचा हवा. रात्री सिम्युलेटरवर हातात तोच, रविवारी मैदानावरही तोच. स्टिकची लांबी, स्प्रिंगचा ताण, खटके कुठे आहेत, हे सगळं बोटांत बसायला हवं. चार-पाच हजारांत सहा चॅनेलचा नवा सेट रिसीव्हरसकट येतो, आणि बहुतेकांत ट्रेनर मोड असतो. गुरू आणि शिष्य दोघांकडे तसाच सेट असला तर केबल लावली की काम सुरू. अँटिक वस्तूंचा सोस असेल तर शोकेसमध्ये ठेवा.

---

खवचट_खान्देशी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ग्लोप्लगकाका कुठायत?

---

रडरवाली

थर्मलशोधक, "चार-पाच हजार" हे तुम्ही नोकरदार माणसाच्या खिशातून मोजताय. माझा अनुभव कॉलेजच्या टीमचा आहे, तो सांगते.

आम्ही एसएई इंडियाच्या एअरो डिझाइन स्पर्धेसाठी विमान बांधायचो. अख्खं सत्र बाल्सा कापण्यात जायचं. उडवणार कोण? एकच सीनियर. बाकीच्यांनी बॅटरी धरायची, व्हिडिओ काढायचा आणि पडलं तर तुकडे वेचायचे. ज्युनियरच्या हातात विमान द्यायची कोणाची छाती नाही, कारण ते पडलं तर स्पर्धाच गेली. मग सीनियर पास होऊन गेला की टीमकडे विमान आहे आणि पायलट नाही! दर दोन-तीन वर्षांनी हेच. आमच्याकडे हे चक्र तुटलं ते एका निवृत्त सरांनी दिलेल्या जुन्या चार चॅनेलच्या सेटमुळे आणि केबलमुळे. सीनियरचा अंगठा खटक्यावर, आम्ही आळीपाळीने जुन्या सेटवर. सहा जणींना सहा सेट घ्यायचे असते तर प्रस्ताव एचओडींच्या टेबलावरच मेला असता.

ट्रिमची तक्रार अर्धी खरी आहे. गुरूचा सेट जुना असेल तर शिष्याकडून आलेला सिग्नल तो आहे तसा विमानाला पाठवतो. त्यात शिष्याचं ट्रिम, शिष्याचं रिव्हर्सिंग (उलटवलेल्या दिशा), सगळं जातं. अशी जोडी जुळवणं खरंच डोकेदुखी. पण गुरूचा सेट ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर तो शिष्याकडून फक्त स्टिकची जागा घेतो. रेट्स, मिक्सिंग, ट्रिम सगळं गुरूचं लागू होतं. ट्रेनरच्या पानावर कॅलिब्रेशनची सोय असते. शिष्याच्या स्टिक मध्यावर ठेवून ते बटण दाबलं की मध्य जुळतो आणि झटका बसत नाही. शिष्याच्या एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखांवरचे पल्ले) किती वजन द्यायचं तेही टक्क्यांत ठरवता येतं. भित्र्या माणसाला पन्नास टक्के द्या.

म्हणजे जुना सेट शिष्याच्या टोकाला चालतो. गुरूच्या टोकाला नको.

बाळूदादांनी सिम्युलेटरचं नावही काढलं नाही, तिथे मात्र मी सहमत नाही. आधी सिम्युलेटर, मग केबल. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, हे मैदानावर शिकवत बसणं म्हणजे बॅटरीची नासाडी.

---

ग्लोप्लगकाका

आलो.

मी एनसीसीच्या एअर विंगच्या पोरांना वर्षानुवर्षं एरोमॉडेलिंग शिकवलं. माझा विरोध रेडिओच्या वयाला नाही, केबललाच आहे. सायकलचं कॅरियर धरून बाप मागून पळत असतो तोवर पोराला तोल येत नाही. इथे तर बाप कॅरियर सोडतच नाही! विमान वाकडं झालं की पोरगं स्टिक सोडून गुरूच्या तोंडाकडे बघतं. खटका सुटणार हे त्याला ठाऊक असतं. अडचणीतून विमान स्वतः बाहेर काढायची वेळच येत नाही, आणि शिकायचं असतं ते नेमकं तेच.

आमच्या वेळी क्रम ठरलेला होता. आधी हाताने फेकायचं ग्लायडर. पंखाला किती कोन दिला की सरळ जातं, नाकात वजन घातलं की काय होतं, हे त्यातून कळायचं. मग कंट्रोल लाइन: दोन तारा, मध्ये उभे तुम्ही, भोवती विमान. गरगरून पडायचात, पण एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पल्ला) म्हणजे काय ते मनगटाला समजायचं. रेडिओ शेवटी.

बाळू, तू तर ७२ मेगाहर्ट्झचे दिवस पाहिलेत, मग हे कसं विसरलास? मैदानावर फळी असायची, फळीवर फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलचे नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे. तुझ्या चॅनेलचा चिमटा तुझ्या अँटेनाला असेल तरच सेट चालू करायचा. कोणी शहाण्याने चिमटा न घेता नुसतं "चेक करतो" म्हणून बटण दाबलं की त्या चॅनेलवर उडणारं दुसऱ्याचं विमान गेलंच. महिनोन्‌महिने बांधलेली विमानं अशी एका सेकंदात गेलेली पाहिली आहेत. आमच्यासारखे दोघे-चौघे अजून ७२ वर उडवतात. नवशिक्याच्या हातात चालू स्थितीतला जुना सेट देणं मला धोक्याचं वाटतं.

---

सोल्डरसावंत

काकांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला उत्तरही सोपं आहे. क्रिस्टल काढून ठेवा. क्रिस्टल नाही तर प्रक्षेपण नाही. काही सेटमध्ये मागे आख्खं आरएफ मॉड्यूल (सिग्नल हवेत पाठवणारा भाग) निघतं, ते काढा. आतला एन्कोडर, म्हणजे स्पंद बनवणारा भाग, तरी चालूच राहतो आणि ट्रेनर सॉकेटवर सिग्नल मिळतो. काही सेट तर इतके शहाणे असतात की सॉकेटमध्ये पिन घातली की प्रक्षेपण आपोआप बंद. पण त्यावर विसंबू नका, क्रिस्टल काढाच. आणखी एक फायदा म्हणजे अँटेना ओढायची गरज उरत नाही. प्रक्षेपण चालू आणि अँटेना आत ढकललेली, असा सेट तासभर ठेवला तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापतो. इथे तो प्रश्नच नाही.

आता ज्यांना हे खरंच करायचंय त्यांच्यासाठी.

बॅटरी: आठ एए सेलचा होल्डर आणि निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. एका सेलचे १.२ व्होल्ट, आठचे ९.६. मूळ पॅकही तेवढाच असतो. उगाच तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ठोकू नका. पूर्ण चार्ज झाली की ती १२.६ व्होल्ट असते आणि जुन्या रेग्युलेटरला ते आवडेलच असं नाही. गळक्या पॅकची पांढरी-हिरवी पूड ब्रशने साफ करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. काळी पडलेली तार कापून टाका. ती सोल्डर धरत नाही.

पोटेन्शियोमीटर: कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि स्टिक पाचपन्नास वेळा या टोकापासून त्या टोकाला. बहुतेक थरथर जाते. नाही गेली तर पोटेन्शियोमीटर बदला, महाग नसतो.

मॉड्युलेशन: ज्या सेटमध्ये पीसीएमची (सिग्नल आकड्यांत पाठवायची पद्धत) सोय आहे तो आधी पीपीएमवर, म्हणजे बाळूने सांगितलेल्या स्पंदांच्या पद्धतीवर आणा. हे न केल्यामुळे "सेट मेलाय" म्हणून आलेले लोक मला भेटलेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ट्रेनर सॉकेटच्या एखाद्या पिनवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज असू शकतो. ती पिन चुकून लॅपटॉपला किंवा नव्या सेटच्या सिग्नल पिनला लागली तर धूर. मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नका.

रडरवाली म्हणतात त्या सिम्युलेटरलाही हाच सेट चालतो. यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळख देणारा आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड) घ्यायचा, स्पंद मोजायचे, संगणकाला सांगायचं हा जॉयस्टिक आहे. त्याहून स्वस्तात हवं असेल तर सिग्नल साउंड कार्डच्या माइक सॉकेटमध्ये घालायचा आणि स्मार्टप्रोपोप्लस हे सॉफ्टवेअर वापरायचं. सीआरआरसीसिम, पिकासिम ही सिम्युलेटर फुकट आहेत. म्हणजे थर्मलशोधक यांची "रात्री तोच, रविवारी तोच" ही अट जुना सेटही पुरी करतो.

---

थर्मलशोधक

सावंत, तुमचा प्रतिसाद म्हणजे माझ्याच मुद्द्याचा पुरावा. क्लीनर, होल्डर, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, आर्डुइनो. तुम्हाला यात मजा येते, मला मान्य. पण सतरा वर्षांच्या पोराला विमान उडवायचंय, रेडिओ दुरुस्तीचा कोर्स नाही करायचा.

आणि तंत्रज्ञान कुठे गेलंय ते बघा की. आता शिकाऊ विमानातच स्टॅबिलायझर येतो. स्टिक सोडली की विमान आपसूक सपाट. घाबरलात तर एक बटण, विमान सरळ होऊन घिरट्या घालायला लागतं. गुरूच्या खटक्याचं काम चिप करते आणि चिपला रविवारी लग्नाला जायचं नसतं. केबल, बडी बॉक्स, जुना सेट, सगळाच खटाटोप कालबाह्य आहे.

---

रडरवाली

इथे मात्र कडकडीत असहमत.

स्टॅबिलायझर लावलेल्या विमानात वळण घेताना एलेरॉनची स्टिक पूर्ण वळणभर दाबून धरावी लागते, कारण सोडली की ते सपाट होतं. साध्या विमानात स्टिक थोडी द्यायची, विमान कललं की मध्यावर आणायची, एलिव्हेटर हलकं ओढायचं आणि वळण संपताना उलटी देऊन सरळ करायचं. आता पहिल्या सवयीचा माणूस साध्या विमानावर आणा. तो एलेरॉन धरून ठेवतो, विमान कलत कलत नाक खाली घालतं आणि मळसूत्रासारखं जमिनीत. आमच्या टीममध्ये सिम्युलेटरवर स्टॅबिलायझर चालू ठेवून शिकलेल्या मुलांची ही खोड काढायलाच सर्वांत जास्त वेळ गेला.

वरच्या पंखाचं, दोन्ही पंख किंचित वर उचललेलं साधं ट्रेनर विमान घ्या. पुरेशी उंची असेल तर स्टिक सोडल्यावर तेही हळूहळू सावरतं. पण ते हवेच्या नियमाने सावरतं आणि शिकणाऱ्याला ते दिसतं.

---

ग्लोप्लगकाका

ताई, स्टॅबिलायझरबद्दल शंभर टक्के. केबलबद्दल मी माझ्या जागी ठाम.

आणि अजून कोणीच बोललं नाही ते विचारतो. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनचा वेग ठरवणाऱ्या स्टिकचं काय? बाकीच्या स्टिक स्प्रिंगने मध्यावर येतात, थ्रॉटल येत नाही. गुरू अर्ध्या थ्रॉटलवर उडवतोय, शिष्याची थ्रॉटल स्टिक खाली पडलेली. खटका दाबला, इंजिन एकदम आयडलला. इलेक्ट्रिक असेल तर पुन्हा फिरेल, ग्लो इंजिन बसलंच समजा. मग डेड-स्टिक लँडिंग (इंजिन बंद पडलेलं विमान उतरवणं) शिष्य करणार की गुरू? उलट बाजूने, गुरू उतरायच्या तयारीत आणि शिष्याची थ्रॉटल पूर्ण वर, तरी तेच. केबलवाले याबद्दल गप्प असतात.

---

उडता_बाळू (धागाकर्ता)

काका, गप्प नव्हतो, तुमचीच वाट बघत होतो. :)

थ्रॉटल शिष्याला द्यायचाच नाही. सुरुवातीचे कित्येक आठवडे तो गुरूकडे. रडरवाली म्हणतात त्या सेटमध्ये हे निवडता येतं: एलेरॉन, एलिव्हेटर शिष्याचे, थ्रॉटल आणि रडर (शेपटीचं सुकाणू) गुरूचे. जुन्या पद्धतीच्या गुरू-सेटमध्ये ही निवड नसेल तर खटका दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, "थ्रॉटल कुठे?" शिष्याने सांगायचं, "अर्धा." मग दाबायचं.

कॅरियर धरून पळणाऱ्या बापाबद्दल: चूक केबलची नाही, बापाची. खटका लवकर सोडणारा गुरू पोराला पांगळं करतो, कबूल. पण उंची भरपूर ठेवली तर पोराला चूक करू देता येते, ती स्वतः निस्तरू देता येते आणि विमान फार खाली येईपर्यंत थांबता येतं. केबलशिवाय ही चैन नाही. सेट एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा, तोवर विमान कुठच्या कुठे गेलेलं असतं.

---

मिरजेचा_पंखा

नमस्कार मंडळी. इथे सगळे शिकवणारेच बोलायला लागलेत, शिकणाऱ्याचं कोणी ऐकेल का?

मी यंदाच शिकलो, वय पंचेचाळीस. मला जुन्या रेडिओवरच शिकवलं. खरं सांगू का, मला रेडिओ जुना की नवा काही कळलं नाही राव. कळलं ते एवढंच की सेट जड होता, गळ्यात पट्ट्याने अडकवला होता, त्यामुळे हात थरथरत नव्हते. नवा प्लास्टिकचा हलका सेट धरला की माझे अंगठे स्टिकवरून घसरतात. ही माझी खोड असेल.

पण थर्मलशोधक साहेबांचं एक पटलं. शिकल्यावर मी नवा सेट घेतला आणि पहिले दोन रविवार मला परत शून्यापासून सुरुवात केल्यागत वाटलं. खटके वेगळे, स्टिकचा ताण वेगळा. तेव्हा ज्याला आज ना उद्या सेट घ्यायचाच आहे त्याने आधीच घ्यावा. ज्याला अजून ठरवायचंय की हा छंद आपल्याला झेपतो का, त्याने जुन्यावर बसून बघावं.

विमान तोंडावर येतं तेव्हाचं एक वाक्य आमच्या गुरूंनी सांगितलं, त्याने माझं काम झालं: जो पंख खाली झुकलाय त्याच्याच बाजूला स्टिक द्यायची, त्याला टेकू लावल्यागत. डावं-उजवं विसरून जायचं.

---

डॅलसकर

इकडची बाजू सांगतो. अमेरिकेत क्लबात केबलवर शिकवणं ही जुनी रीत आहे. एएमए या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेचा इंट्रो पायलट कार्यक्रम आहे, त्यात नेमलेले प्रशिक्षक नवख्यांना उडवायला देतात. आमच्या क्लबच्या शेडमध्ये जुन्या सेटचं एक कपाट आहे, सगळे शिष्याच्या टोकाला लावण्यासाठी. ७२ मेगाहर्ट्झमध्ये इथे ११ ते ६० असे पन्नास चॅनेल होते. चॅनेल जवळजवळ आल्यावर १९९१ च्या आधीचे रुंद बँडचे सेट निरुपयोगी झाले. त्यातलेही एक-दोन त्या कपाटात आहेत आणि केबलवर मुकाट काम करतात.

हल्ली मात्र बिनतारी ट्रेनर आलाय. एकाच जातीचे दोन सेट आपापसात जोडले जातात, केबल नाही. पोरं मोकळी उभी राहतात. केबलमध्ये पाय अडकून गुरू-शिष्य दोघं पडलेले मी पाहिलेत, आणि विमानही. इथे माझं मत थर्मलशोधक यांच्याकडे झुकतं. क्लबकडे पैसे असतील तर जुन्याचा हट्ट कशाला?

अवांतर: तिकडे नियमांचं काय? इथे २५० ग्रॅमच्या वर नोंदणी लागते, आणि वजन कितीही असलं तरी ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन परीक्षा.

---

सोल्डरसावंत

@डॅलसकर, इथे ड्रोन नियम २०२१. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, असे गट. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल भाग बघायचा. हिरव्यात जास्तीत जास्त ४०० फुटांपर्यंत. पुण्यातल्यांनी तर नकाशा बघितल्याशिवाय विमान गाडीतून काढूच नये, लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. यावर वेगळा धागा काढा, इथे भरकटायला नको.

केबलमध्ये पाय अडकणं खरं आहे. म्हणून एक चाचणी सांगतो, ती न करता कोणी उडवू नये. जमिनीवर, प्रॉपेलर काढून, खटका दाबून शिष्याला स्टिक हलवू द्या आणि त्याच वेळी केबल उपटा. काही सेट लगेच गुरूच्या स्टिक वापरायला लागतात. काही नाही, ते खटका सोडेपर्यंत वाट बघतात आणि तोवर सर्व्हो वाटेल तिकडे जाऊ शकतात. तुमचा सेट कोणत्या जातीचा आहे ते मैदानावर नाही, टेबलावर कळायला हवं. हीच चाचणी शिष्याच्या सेटची बॅटरी काढूनही करा. जुन्या सेटमध्ये केबलपेक्षा बॅटरीच आधी दगा देते.

---

थर्मलशोधक

थोडक्यात: क्रिस्टल काढा, बॅटरी बदला, पोटेन्शियोमीटर धुवा, पिना मोजा, केबल बनवा, मध्य जुळवा, थ्रॉटल देऊ नका, केबल उपटून बघा. एवढं केलं की जुना सेट "फुकट" वापरता येतो.

मी म्हटलं होतं तेच पुन्हा म्हणतो. रडरवालींच्या कॉलेजसारखी जागा, जिथे माणसं दरवर्षी बदलतात आणि सोल्डरिंग येणारी मुलं आयती आहेत, तिथे ठीक. एकट्यादुकट्या शिकणाऱ्याला हा सल्ला देऊ नका. तो माळ्यावरून सेट काढेल, क्रिस्टल तसंच ठेवेल आणि काकांचं विमान पाडेल.

---

ग्लोप्लगकाका

माझं विमान पडलं तर बिल बाळूला.

आता एक शेवटचं आणि मग मी मैदानावर जातो. केबलने उतरवायला कसं शिकवणार? वर हवेत ठीक आहे, वेळ असतो. पण जमिनीपासून दहा फुटांवर शिष्याने एलिव्हेटर जास्त ओढलं, विमान स्टॉल झालं (पंखांची उचल गेली), तर खटका सोडून काय उपयोग? गुरूला कळेपर्यंत पंख टेकलेला असतो. लँडिंग माणूस एकट्यानेच शिकतो, केबल असो वा नसो. आणि छंदातली बरीच विमानं उतरतानाच मोडतात.

---

रडरवाली

काका, आम्ही उतरवायला लावतच नव्हतो. अ‍ॅप्रोच करायला लावायचो. धावपट्टीच्या रेषेत विमान आणायचं आणि वीस-पंचवीस फुटांवर गुरूने थ्रॉटल वाढवून पुन्हा वर न्यायचं. थ्रॉटल गुरूकडे असल्याचा हा खरा फायदा. दर बॅटरीला हीच फेरी, प्रत्येक वेळी थोडी खाली. रेषेत आणणं आणि वेग सांभाळणं जमलं की शेवटचे दहा फूट उरतात. ते दहा फूट केबल शिकवत नाही, हे तुमचं बरोबर. तेवढ्यासाठी उंच गवताची जागा शोधा.

---

उडता_बाळू (धागाकर्ता)

गवत हा मुद्दा राहिलाच होता.

थर्मलशोधक, तुमची यादी कॉपी करून क्लबच्या फळीवर लावतो, तुमच्या नावासकट. विरोधकाने इतकी चांगली चेकलिस्ट लिहून दिल्याबद्दल आभार. एकट्याने माळ्यावरून सेट काढू नये, हे मान्य. पण क्लबकडे एक नीट केलेला, क्रिस्टल काढलेला, वर मोठ्या अक्षरांत "शिष्य" लिहिलेला सेट असावा, यावरून मी हलणार नाही.

सावंत, माझ्याकडे गोल सहा पिनांचा आहे. नव्या सेटला ३.५ चा जॅक. कोणती पिन कुठे ते इथेच टाकता का?

---

सोल्डरसावंत

इथे टाकत नाही. दोन गोल सहा पिनांचे सेट दिसायला सारखे असले तरी पिना सारख्या असतीलच असं नाही, आणि कोणीतरी वाचून डोळे मिटून जोडेल. रविवारी सेट घेऊन ये, पॅक काढून. मल्टिमीटर मी आणतो.

---

खवचट_खान्देशी

आणि क्रिस्टल?

---

उडता_बाळू (धागाकर्ता)

काढलंय. काकांच्या खिशात आहे.